माहेरचा आकडा

मराठीतला 'आकडा' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. वहीत असला की तो गणिताचा, मिशीवर असला की ऐटीचा, विजेच्या तारेवर पडला की चोरीचा आणि मटक्याच्या चिठ्ठीवर आला की नशिबाचा! वर्गात अनेकार्थी शब्द शिकवताना मी हे चारही अर्थ फळ्यावर लिहिते, आणि चौथ्यापाशी मुले हमखास हसतात. यंदा या यादीत मला पाचव्या अर्थाची भर घालावी लागली. तो म्हणजे दाराचा आकडा. दाराला अडकवायचा लोखंडी आकडा नव्हे. तो तर आजीपणजीच्या काळापासून आहे. मी म्हणते तो दार उघडायचा आकडा. भिंतीवरच्या बटणांवर तो बोटाने उमटवायचा, की कुलूप 'खट्' करते आणि दार मोकळे होते. शहरातल्या बँकांत, कचेऱ्यांत आणि नव्या सदनिकांत ही गोष्ट आता जुनी झाली. पण मला ती भेटली माझ्या माहेरी, बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीत, आणि तीही पांढऱ्या मातीच्या भिंतीत!

वडनेर भोलजी हे नांदुरा आणि मलकापूर यांच्या मधले गाव. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो. त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. पण आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च आहे. एकदा तोंडात बसलेला आकडा माणसे सहजी सोडत नाहीत, हे त्या रस्त्याने मला आधीच शिकवले होते. अकोल्याहून निघाले की शेगाव जाते, जलंब जाते, नांदुरा येते आणि हायवेवरचा तो १०५ फुटी हनुमान दिसला की मन पुढे धावू लागते. चाळिशी उलटली, डोळ्यांना चष्मा आला, तरी या धावण्यात काही फरक पडलेला नाही.

आमचे घर जुन्या वळणाचे, धाब्याचे. हातभर जाडीच्या भिंती, सागवानी चौकट, दोन फळ्यांचे दार. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक कोनाडा, दिवाळीच्या पणतीसाठी. दाराला बाहेरून कडी, आतून कडी, आणि शिवाय आतल्या बाजूला भिंतीच्या भोकातून सरकणारा लाकडी अडसर. पण हा सगळा बंदोबस्त रात्रीचा. दिवसा ते दार लावलेले मी लहानपणी पाहिल्याचे आठवत नाही. कोणी आले तर ओसरीवरून नुसती हाक मारायचे आणि हाकेबरोबर आतच यायचे. किल्ल्या होत्या, त्या कपाटाच्या, तिजोरीच्या आणि धान्याच्या खोलीच्या. त्यांचा जुडगा आईच्या कमरेला असे. मुख्य दाराला कुलूप लागायचे ते फक्त सगळे घर लग्नाला निघाले तर. मग गोदरेजचे वजनदार कुलूप ट्रंकेतून बाहेर निघे. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली. तेव्हापासून आपल्याकडच्या किती घरांनी आपली धास्ती त्या पितळी तुकड्यावर सोपवली असेल, देव जाणे!

बाबा गेले, भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला गेला, मी तर लग्न होऊन केव्हाच बाहेर पडले होते. शहात्तर वर्षांची आई त्या घरात एकटी राहिली. "तिकडं या" म्हटले की तिचे उत्तर ठरलेले: "मंग इथं दिवा कोन लावीन?" या प्रश्नाला पुण्याकडेही उत्तर नव्हते आणि अकोल्याकडेही नव्हते.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे आई न्हाणीत पाय घसरून पडली. उजवे मनगट मोडले आणि उठता येईना. दूधवाला हाका मारून थकला, तेव्हा शेजारच्या वहिनींना शंका आली. पण दाराला आतून कडी आणि वर अडसर! बाबा त्या अडसराचे मोठे कौतुक करीत. "हत्ती आला तरी उघडायचं नाही," असे ते म्हणत. त्या दिवशी हत्ती आला नव्हता, मदत आली होती. आणि अडसराला यातला फरक कळत नाही. शेवटी शेजारचा मुलगा मागची भिंत चढून आत उतरला. तोवर दीड तास गेला होता. दीड तास आई ओल्या फरशीवर पडून दारावरच्या धडका ऐकत होती, आणि माणसे दाराबाहेर उभी राहून तिचे कण्हणे ऐकत होती. मधे होती ती दीड इंचाची सागवानी फळी.

"ताई, दार आतून लागलेलं असताना बाहेरून उघडता आलं पाहिजे," भाऊ फोनवर म्हणाला. "आणि उघडता यायला पाहिजे ते आपल्याच माणसांना." बघायला गेले तर एवढेच एक वाक्य, पण कुलपांचा सगळा व्यवहार त्यात आला. बाहेरच्याला अडवायचे आणि आपल्याला अडवायचे नाही. दार बिचारे मुके. त्याने आपला कोण आणि परका कोण हे ओळखावे कसे? किल्ली ही एक खूण झाली. आकडा ही दुसरी.

आईचे मनगट प्लॅस्टरमधून निघाल्यावर मलकापूरहून एक तरुण कारागीर सामान घेऊन आला. मी रजा काढून गेले होते. त्याने दोन जातीची कुलपे आमच्यापुढे ठेवली. पहिले चुंबकाचे. चौकटीवर एक लांबट चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी. वीज चालू असेतो तो चुंबक पट्टीला धरून ठेवतो. लहानसा दिसला तरी त्याचा जोर पावणेतीनशे किलोंच्या घरातला! दुसरे नेहमीच्या कुलपासारखेच, जिभेचे. त्यातली जीभ स्प्रिंगने बाहेर असते आणि आकडा बरोबर लागला की क्षणभर विजेचा झटका मिळून ती मागे सरकते. दोन्ही बारा व्होल्टवर चालणारी.

हे सगळे आई पाटावर बसून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "आन् लाइट गेली तं?"

त्या मुलाच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटला. कारण या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. वीज गेली की चुंबकाचे कुलूप सुटते, दार उघडे पडते. आग लागली तर माणसांना बाहेर पडता यावे म्हणून मोठ्या इमारतींत असेच कुलूप सोयीचे. जिभेच्या कुलपाचे उलटे. वीज गेली की ते बंदच राहते, तिजोरीसारखे. म्हणजे अंधार झाला की एक कुलूप माणसावर विश्वास टाकते आणि दुसरे कुणावरच टाकत नाही! आमच्याकडे विजेचा लपंडाव कसा असतो ते मी वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. आईने दुसरे पसंत केले, पण तीन अटींवर: आतून दार नुसत्या हाताने उघडले पाहिजे, बाहेरून साधी किल्लीही लागली पाहिजे, आणि वीज नसताना आकडाही चालला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी त्या कुलपात होत्याच. तिसऱ्यासाठी त्याने मिसळणाच्या डब्याएवढी एक बॅटरी आत भिंतीवर बसवली. वीज असताना ती भरत राहते आणि नसताना कामाला येते. "म्हंजे आपल्या फिरकीच्या तांब्यासारखं," आई म्हणाली. "घरी असलं की भरून ठेवाचं, परवासात प्याचं." मी इतकी वर्षे दृष्टान्त अलंकार शिकवते आहे, इतका चपखल दृष्टान्त मला सुचला नसता.

बसवण्याचे काम मात्र सोपे गेले नाही. जुने सागवान इतके कठीण की गिरमिटाची दोन पाती बोथट झाली; आणि भिंत इतकी भुसभुशीत की स्क्रू फिरवला की मातीसकट बाहेर यायचा. एकीकडे शिरेना आणि दुसरीकडे टिकेना! अखेर भिंतीत लाकडाचे गुटके सिमेंटने बसवले, ते एक रात्र वाळू दिले आणि मग त्यांवर पट्ट्या ठोकल्या. आकड्यांची पाटी कुठे लावायची यावरही बराच खल झाला. आमच्याकडचा उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. उन्हात ती काळी पाटी बोट भाजेल इतकी तापणार, पावसात भिजणार. कारागिराची नजर डाव्या कोनाड्यावर गेली. वरून सावली, तिन्ही बाजूंनी आडोसा, उंचीही बरोबर छातीइतकी. आईचा चेहरा पडला. "आन् पणती?" तिने विचारले. दिवाळीत दोन्ही कोनाड्यांत दिवे लागायचे, हा घरातला रिवाज. शेवटी पाटी कोनाड्याच्या आतल्या बाजूच्या भिंतीला लावली आणि पुढची जागा पणतीला मोकळी ठेवली.

राहता राहिला अडसर. तो तसाच ठेवला तर हे सगळे कुलूप व्यर्थ, हे आईलाही दिसत होते. पण बाबांच्या मागे इतक्या रात्री ती त्याच्या भरवशावर झोपली होती. कारागीर काही बोलला नाही, मीही बोलले नाही. ती स्वतःच उठली. उजव्या हातात अजून जोर नव्हता. डाव्या हाताने तिने तो अडसर भोकातून ओढून काढला, पदराने पुसला आणि आपल्या खाटेखाली सरकवून दिला. कुलपाची नाही, पण त्या अडसर काढण्याची मला भीती वाटली. एकट्या बाईने भीतीपेक्षा मदतीची वाट मोठी मानायची, याला काय लागते ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

मग प्रश्न आला आकडा कोणता धरायचा याचा. चार अंक घेतले तर शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून सगळे नऊपर्यंत बरोबर दहा हजार आकडे होतात. एखादा चोर चिकाटीचा निघाला आणि दर पाच सेकंदांना एक आकडा दाबत बसला, तरी सगळे संपायला त्याला जवळजवळ चौदा तास लागतील. शिवाय आमची पाटी काही चुका झाल्या की थोडा वेळ रुसून बसते. पण कारागीर म्हणाला, "मॅडम, चोर दहा हजार कशाला दाबेल? लोक एक-दोन-तीन-चार ठेवतात, नाही तर वाढदिवस." त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षे तीच बटणे दाबली की त्यांवरचे अंक झिजतात. चार झिजलेली बटणे दिसली की दहा हजारांचे चोवीसच उरतात. कारण चार वेगळ्या अंकांची उलटापालट चोवीस तऱ्हांनीच होते. सवय ही माणसाची खूण ठेवते म्हणतात, ते असे. म्हणून आकडा अधूनमधून बदलावा, आणि कारखान्यातून येताना पाटीत जो आकडा भरलेला असतो तो तर पहिल्याच दिवशी बदलावा.

चारच अंक का, यामागेही एक गोड घरगुती कथा आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एन्फिल्ड येथे बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र सुरू केले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे १९२५ साली आपल्या शिलाँगमध्ये जन्मलेले गृहस्थ. त्यांना फौजेतला आपला सहा अंकी क्रमांक पाठ होता, म्हणून गुप्त आकडाही सहा अंकी ठेवावा असे त्यांच्या मनात होते. त्यांनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बायकोला विचारले. ती म्हणाली, मला चारच अंक लक्षात राहतात. झाले, चार ठरले! निदान ते स्वतः तरी असे सांगत. अशा गुप्त आकड्याच्या शोधाचा मान स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनाही दिला जातो, आणि ते न्याय्यही आहे. पण मला त्या स्वयंपाकघराचे अगत्य वाटते. जगभरच्या तिजोऱ्यांचे माप एका गृहिणीच्या आठवणीने ठरावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या घरातल्या गृहिणीपुढे मात्र चार अंकही टिकेनात. आईची आठवण वाईट आहे असे कोणी समजू नये. कोणत्या साली कपाशीला काय भाव मिळाला, कोणाच्या लग्नात कोण रुसले, कोणत्या भांड्यावर कोणाचे नाव आहे, हे सगळे तिला मुखोद्गत. पण त्या आठवणींना माणसे असतात, वास असतात, ऋतू असतात. नुसत्या चार अंकांना काय असते? भावाने पुण्याहून नाना युक्त्या सुचवल्या. त्याचा वाढदिवस झाला, बाबांची निवृत्ती झाली, शेताचा गट नंबर झाला. आईने सगळे मोडीत काढले. "गट नंबर तं तलाठ्याले बी माहीत हाये," ती म्हणाली.

मग ती एकटीच कोनाड्यापुढे उभी राहिली. पाटीवर तीन ओळींत तीन-तीन बटणे आणि खाली शून्य एकटे. (अंकांची ही मांडणी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तऱ्हातऱ्हांच्या रचना माणसांवर पारखून ठरली, आणि १९६३ साली तिथल्या टेलिफोनवर आली, आपल्या हिशेबाच्या यंत्रावर मात्र सात-आठ-नऊ वर असतात.) आई बराच वेळ त्या बटणांकडे पाहत होती. नंतर तिने तर्जनी उचलली आणि अंक न वाचता चार बटणांवरून ती फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. "हे ठेव," ती म्हणाली.

मी विचारले, "कोणता आकडा हा?"

"आकडा काय माइत! ठिपके हायेत ना हे? रांगोळीचे." आणि तिने उंबरठ्याकडे बोट दाखवले.

तेव्हा माझ्या लक्षात आले. साठ वर्षे रोज पहाटे त्या उंबरठ्याशी वाकून तिने ठिपके जोडले होते. मनगट मोडले तेव्हा सहा आठवडे उंबरठा कोरा राहिला, याचे दुःख तिला मनगटापेक्षा जास्त झाले होते. तिच्या लेखी ती पाटी दहा ठिपक्यांची एक छोटी रांगोळी होती, आणि दार उघडायचे म्हणजे त्यातले चार ठिपके एका विशिष्ट वळणाने जोडायचे. आकडा तिच्या डोक्यात कधी गेलाच नाही. तो थेट बोटात गेला. कोणते वळण ते अर्थातच मी इथे सांगणार नाही. वडनेरला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत!

पुढचा विषय नाजूक होता. आकडा कोणाकोणाला सांगायचा? किल्ली देणे आणि आकडा सांगणे यात मोठे अंतर आहे. दिलेली किल्ली परत मागता येते; सांगितलेला आकडा परत घेता येत नाही. तो ऐकणाऱ्याचा होऊन जातो. यावर कारागिरापाशी तोड होती. पाटीत पाचशे निरनिराळे आकडे भरता येतात. ज्याला त्याला त्याचा वेगळा आकडा द्यावा. कोणी नकोसा झाला तर तेवढाच पुसून टाकावा, बाकीच्यांना तोशीस नाही. आईला हे फारसे रुचले नाही. "मानूस पुसून टाकाचं?" ती म्हणाली. पण अखेर पाच आकडे भरले गेले: एक तिचा, एक शेजारच्या वहिनींचा, एक भावाचा, एक भावजयीचा आणि एक माझा. पाचशेपैकी पाच. एका माणसाच्या आयुष्यात दार उघडायला हक्काची अशी पाच माणसे असली तर तो भाग्यवान म्हणावा.

गुप्त खुणेचा विषय निघाला की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना रिद्धपूर आठवते. अमरावती जिल्ह्यातले हे गाव महानुभावांचे मोठे तीर्थ. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे स्वारीच्या धामधुमीत ती प्रत नाहीशी झाली, आणि पंथातल्या माणसांनी मुखोद्गत लीळांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यात हिराइसा नावाच्या साध्वीच्या स्मरणशक्तीचा उल्लेख परंपरा आदराने करते. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे. संकेत ठाऊक नसेल त्याला दार बंद! शेकडो वर्षे ते बंदच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्या लिप्यांचा उलगडा झाला, आणि जुन्या मराठी गद्याचे केवढे तरी दालन आपल्यापुढे उघडले. हा इतिहास मी दर वर्षी शिकवते. त्यातले कुलूप मुलांना फार आवडते. मला मात्र त्या संकेतापेक्षा तो ध्यानात ठेवून पुढच्याच्या हाती देणारी माणसे मोठी वाटतात. ती नसती तर ग्रंथ असूनही नसल्यासारखे झाले असते. कुलूप राखते ते वस्तूला. आणि संकेत जिवंत ठेवतात ती माणसे.

काम संपले, कारागीर पैसे घेऊन गेला आणि माझ्या नावाचा आकडा मी ओसरीवर बसून मनात घोकत राहिले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट माझ्या ध्यानात आली. या घरात मी जन्मले, वाढले, या दारातून सासरी गेले, पण या दाराची किल्ली माझ्या हाती कधीच नव्हती! तसे कोणी ठरवून केले होते असे नाही. लग्नाआधी दार उघडेच असे, म्हणून किल्लीचे कारण नव्हते. लग्नानंतर किल्ली मुलाकडे गेली, सुनेकडे गेली, हेही रीतीप्रमाणेच झाले. लेकीने किल्ली मागायची नसते, आणि तिला ती द्यावी असे कोणाला सुचतही नाही. कारण माहेरचे दार लेकीने उघडायचे नसते. ते तिच्यासाठी उघडले जायचे असते. गाडीचा आवाज झाला की आतून लगबग व्हावी, कडी वाजावी, भाकरतुकडा ओवाळून टाकला जावा आणि मग आत पाऊल पडावे, हे माहेर. दार, चौकट, भिंती ही त्याची नुसती बाह्य सामग्री.

आमच्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचे माहेर. १५९८ साली जिथे त्यांचा जन्म झाला त्या वाड्याचा भव्य दरवाजा आजही पाहायला मिळतो. १६२९ साली लखुजी जाधवराव आणि त्यांच्यासोबतचे पुत्र देवगिरीला निजामशाही दरबारात दगाफटक्याने मारले गेले. कॉलेजच्या सहलीत त्या दरवाजाखाली उभी राहिले की मुलांना तारखा सांगता सांगता माझ्या मनात येते, एवढा थोर दरवाजा शाबूत राहिला खरा. पण लेक येताच तो उघडा म्हणून सांगणारे वडील एका दिवसात गेले. दगड राहतो, आणि माहेर जाते.

म्हणून माझ्या त्या आकड्याचा मला आनंद झाला, आणि धाकही वाटला. आनंद यासाठी की, इतक्या वर्षांनी का होईना, या घराने मला हक्काच्या पाचांत धरले, भावाच्या बरोबरीने. हे काम कोणत्या कायद्याने नाही, पाचशे आकड्यांच्या एका लहानशा पाटीने केले. आणि धाक यासाठी की, तो आकडा मला दिला होता तो कशासाठी? आई आतून उघडू शकणार नाही अशा एखाद्या वेळेसाठी. तो वापरावा लागेल तो दिवस चांगला असणार नाही. घरातली विम्याची कागदपत्रे आपण जशी जपून ठेवतो आणि त्यांचे काम पडू नये अशी प्रार्थना करतो, तसा मी तो जपते आहे.

त्यानंतर चार-पाच वेळा माझे वडनेरला जाणे झाले. वहिनी दिवसातून एकदा आपला आकडा दाबून आत डोकावतात, आईला काय हवे नको ते पाहतात. अडसर खाटेखाली आहे. आईला झोप बरी लागते म्हणे. रांगोळी पुन्हा सुरू झाली आहे, पूर्वीपेक्षा किंचित कापऱ्या रेघांची. आणि मी? मी पिशवी ओट्यावर ठेवते, कोनाड्यातल्या त्या बटणांकडे एकदा पाहते, आणि बेल दाबते. आतून सावकाश पावले वाजतात. खाटेपासून दारापर्यंत पूर्वी आठ-दहा पावलांत येणारी आई आता वीस-बावीस घेते. मी ती मोजते. हाही एक आकडाच. आणि तो दर खेपेला थोडा वाढतो.

मग दार उघडते, आणि भाकरतुकड्याआधी मला बोलणी बसतात: "आकडा देल्ला ना तुले? मंग उन्हात कायले उभी रायतं वं? मले उठा लागते ना!"